कालपर्यंत सहकारी, आता टीम लीड

प्रश्न: महिन्यापूर्वी टीम लीड झाले. सहा जण, दोघे माझ्याहून सीनियर. मीटिंगमध्ये काही विचारलं की सगळे लॅपटॉपमध्ये डोकं घालतात. शेवटी रात्री बसून त्यांचं काम मीच दुरुस्त करते. काय चुकतंय?

– ते रात्रीचं दुरुस्त करणं आधी थांबवा. मीही तेच केलं. चार महिन्यांत पोरं अर्धवट फाइल पाठवायला लागली, 'सर बघतीलच' म्हणून. चूक दाखवा, हात लावू नका.

– चारचौघांत कोण बोलणार? दर आठवड्याला एकेकाशी अर्धा तास बसा, कामाचा हिशेब न मागता. सुरुवात सीनियरांपासून.

– ब्रूस टकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्येच मांडलंय: गट जमतो, भांडतो, मग घडी बसते. तुमचे तर अजून भांडलेही नाहीत!

प्रश्नकर्ती: आज एका सीनियरशी बोलले. डेडलाइन ठरवताना त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा.