सीट पक्की, पेडल्स सरकती: सीटची रेल वापरावी की भोकांची पट्टी?

नळीचौकट:
नमस्कार मंडळी. चौकोनी नळ्या जोडून केलेल्या सांगाड्यावर (स्पेसफ्रेम) घरीच बांधलेली दोन सीटची गाडी आहे. सीट मागच्या बल्कहेडला (आडव्या भिंतीला) टेकवून पक्की केली आहे. पुढे घेतली की बेल्टचा कोन बिघडतो आणि रोल हूपपासून (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान) डोक्याचं अंतरही बदलतं, म्हणून सरकवायची ती पेडल्सच. चालवणारे दोघे, उंची 158 आणि 183 सेमी. पेडल्स जमिनीला बिजागरी असलेली, ब्रेकला सर्वो (पायाचा जोर वाढवणारं यंत्र) नाही, बॅलन्स बारवर (जोर दोन्हीकडे वाटणारा दांडा) 17.8 मिमी बोअरचे (आतल्या व्यासाचे) दोन मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने फ्लुइडवर दाब देणारे), क्लच हायड्रॉलिक, अ‍ॅक्सिलरेटर केबलचा. फूटवेलचा (पाय ठेवायच्या जागेचा) पत्रा 1.2 मिमी. पेडल्स सगळ्यात मागे असताना सिलिंडरच्या पुढे 140 मिमी जागा उरते. जुन्या गाडीच्या सीटची रेल हाताशी आहे. ती लावावी की पट्टीला भोकं पाडून बोल्ट मारावेत? आणि किती मिलिमीटर सरकायला हवं?

मोजपट्टी:
किती सरकवायचं ते उंचीवरून ठरवू नका. दोघांना गाडी चालवतानाचेच बूट घालून, बेल्ट आवळून बसवा. ब्रेकचं पेडल पूर्ण दाबलेल्या जागी लाकडाचा ठोकळा धरा आणि चवडा त्यावर टेकवा. त्या स्थितीत गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय पूर्ण ताठ झाला की ब्रेकवर जोर देता येत नाही, आणि नेमका जोर लागतो तेव्हाच पाय अपुरा पडतो. दोघांच्या ठोकळ्यांमधलं अंतर हीच तुमची गरज. तुमच्या दोघांच्या उंचीत ते 100 ते 120 मिमीच्या आसपास भरेल.

टाचेचा आधारही पेडल्सबरोबर सरकायला हवा. टाच जागेवर ठेवून पेडल पुढे नेलं तर चवडा पेडलवर खाली-वर पडतो आणि अ‍ॅक्सिलरेटरचा अंदाज जातो. डाव्या पायाची टेकणही पेडल्स बसवलेल्या सरकत्या प्लेटवरच घ्या.

तिरका_बोल्ट:
सीटची रेल नको. त्या कुलपात थोडा प्ले (ढिलेपणा) असतोच. सीटवर माणसाचं वजन कायम असतं म्हणून तो जाणवत नाही, पण पेडलवरचा जोर येतो-जातो आणि प्रत्येक ब्रेकला टक् होतं. शिवाय बऱ्याच रेलना कुलूप एकाच बाजूला असतं. ब्रेक पेडल प्लेटच्या मध्यावर नसतं, त्यामुळे प्लेट तिरकी होऊन अडकते. रेलच्या उंचीने टाचही वर येते, ते वेगळंच.

जोर कुठून कुठे जातो ते आधी बघा. घाबरून दाबलेला ब्रेक धरून पेडलवर 2000 न्यूटनचा हिशेब ठेवा. पेडलचा मध्य प्लेटपासून 220 मिमी वर असेल तर प्लेटला 440 न्यूटन-मीटरची कलाटणी बसते. पुढची कड खाली दाबली जाते, मागची उचलते. पुढच्या-मागच्या बोल्टमध्ये 180 मिमी अंतर असेल तर मागच्या कडेला साधारण 2450 न्यूटन, म्हणजे 250 किलोचा वर ओढणारा जोर येतो. 8.8 ग्रेडच्या एम8 बोल्टला हे काहीच नाही. मात्र 1.2 मिमीचा पत्रा फुगतो, आणि पेडल स्पंजी लागलं की आपण उगाच ब्लीडिंग (पाइपमधली हवा काढणं) करत बसतो. म्हणून पेडल बॉक्स (पेडल्स आणि सिलिंडरचा संच) पत्र्यावर नको, चेसिसच्या आडव्या नळ्यांवर हवा.

माझ्या मते सरळ रचना अशी: दोन आडव्या नळ्यांवर 25×25×2 मिमीच्या दोन नळ्या गाडीच्या लांबीच्या दिशेने वेल्ड करा, त्यांच्यावर 40×10 मिमीच्या लोखंडी पट्ट्या. पट्ट्यांत 20 मिमी अंतराने एम8 चे आटे पाडा. सहा जागा घेतल्या की 100 मिमी मिळतात. वर 5 मिमी लोखंडी प्लेट, चार बोल्ट, सगळे वरूनच उघडणारे. जागा सहा असल्या तरी पुढचे आणि मागचे बोल्ट 180 मिमी अंतर राखतात, म्हणजे पट्टीवर भोकांचे दोन गट येतील, त्यानुसार लांबी धरा. पट्ट्या वेल्ड करायच्या आधी दोन्ही एकत्र क्लॅम्पमध्ये धरून एकदमच भोकं पाडा. वेगवेगळी पाडली तर तीन जागी बोल्ट बसतो आणि चौथ्या जागी कानस लागते. वेल्डिंग करताना प्लेट बोल्टने बसवूनच ठेवा, नाहीतर उष्णतेने पट्ट्या ओढल्या जातात.

लांब खाच पाडून बोल्ट आवळण्याचा मोह होईल, तो टाळा. खाचेत प्लेट फक्त घर्षणावर उभी असते. भोकातला बोल्ट सुटला नाही तर पेडल जाऊच शकत नाही.

नळीचौकट:
आभारी आहे. पट्ट्यांचंच करतो. ब्रेकच्या पाइपचं आणि अ‍ॅक्सिलरेटर केबलचं काय? दरवेळी केबल पुन्हा ॲडजस्ट करावी लागेल का?

डॉट_चार:
नाही, केबलचं बाहेरचं कव्हर जिथे टेकतं तो ब्रॅकेट सरकत्या प्लेटवरच बसवा. कव्हर आणि आतली तार यांचा पेडलशी संबंध मग बदलत नाही, फक्त कव्हरला पुढे मोठं, सैल वळण द्या. शेवटच्या दोन्ही जागांवर वळण आवळत नाही ना, आणि स्टिअरिंगच्या दांड्याला लागत नाही ना, हे बघा. पूर्ण दाबल्यावर अ‍ॅक्सिलरेटर पेडलला प्लेटवरचा स्टॉपर लागला पाहिजे. तो नसेल तर पायाचा सगळा जोर केबलवर येतो आणि तार टोकाशी एकेक धागा तुटत जाते. रिटर्न स्प्रिंग दोन हव्यात: एक थ्रॉटलवर, एक पेडलवर.

ब्रेकसाठी मास्टर सिलिंडर प्लेटबरोबरच सरकू द्या. ते जागेवर ठेवून पुशरॉड लांब-आखूड केला तर पेडल नुसतं कलतं, पुशरॉडचा कोन बदलतो आणि गुणोत्तरही. पेडलचं गुणोत्तर 5:1 धरलं आणि पायाचा जोर 500 न्यूटन, तर प्रत्येक सिलिंडरवर 1250 न्यूटन, 17.8 मिमी बोअरला साधारण 50 बार. दोन्ही चालकांना हेच आकडे मिळायला हवेत.

प्रत्येक सिलिंडरपासून चेसिसवरच्या पक्क्या ब्रॅकेटपर्यंत स्टीलच्या जाळीची पीटीएफई (टेफ्लॉन) होज, यू आकारात, वळणाची त्रिज्या 50 मिमीपेक्षा कमी नको. 100 मिमी सरकण्यासाठी 350 ते 400 मिमी लांबी पुरते. पक्कं टोक सरकण्याच्या मध्यावर ठेवा. तुमच्या 140 मिमीतून 100 गेले की पुढे 40 उरतात, त्यात सरळ निघणारं फिटिंग मावणार नाही. बाजूला निघणारा बँजो (पोकळ बोल्टने बसणारं फिटिंग) घ्या. यू उभा ठेवलात तर त्याच्या माथ्यावर हवा अडकते, म्हणून आडवा ठेवा. रिझर्व्हायर (फ्लुइडची टाकी) मात्र चेसिसवर, आणि तिथून येणारी नळी ब्रेक फ्लुइड चालणाऱ्या ईपीडीएम रबराचीच घ्या, सिलिंडरपासून वरपर्यंत सलग चढती. पेट्रोलची नळी डॉट 4 ब्रेक फ्लुइडमध्ये फुगते आणि मऊ पडते.

पेडल मोकळं सोडल्यावर पुशरॉडला अर्धा ते एक मिलिमीटर मोकळीक राहिलीच पाहिजे. नसेल तर सिलिंडरमधलं बारीक भोक बंदच राहतं, फ्लुइड परत जात नाही, पॅड घासत राहतात. गरम होऊन दाब आणखी वाढतो आणि चाकं आपोआप धरली जातात. ब्रेक लाइटचं स्विच पेडलच्या स्टॉपरचं काम करत असेल तर ही मोकळीक नेमकी तिथेच हरवते.

गिअरपेटी:
मोटर आणि स्क्रूने बसल्या जागी सरकवता येणार नाही का? ट्रॅपेझॉइडल स्क्रू (समलंब आकाराच्या आट्यांचा), टीआर 16×4 (16 मिमी व्यास, 4 मिमी पिच), स्वतःच लॉक होतो म्हणतात.

तिरका_बोल्ट:
लॉक होतो, पण कंपनाने हळूहळू सरकू शकतो. बॉलस्क्रू (गोळ्यांवर फिरणारा) तर लॉक होतच नाही. स्क्रूने सरकवा हवं तर, पण शेवटी पिन किंवा बोल्ट भोकात गेलाच पाहिजे. दोनच चालक असतील तर चार बोल्ट पान्याने काढणं जास्त भरवशाचं.

तपासणी अशी करा: दोन्ही मास्टर सिलिंडर काढून त्यांच्या जागी तेवढ्याच लांबीचे घट्ट दांडे लावा. 2000 न्यूटनला सिलिंडरमध्ये 200 बार होतील, तो दाब सीलवर देण्यात अर्थ नाही. पेडल आणि सीटमागची बल्कहेड यांच्यात छोटा जॅक आणि वजनमापक ठेवून जोर वाढवत न्या, मागच्या बोल्टशेजारी डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापक) लावा. ही चाचणी सगळ्यात पुढच्या आणि सगळ्यात मागच्या अशा दोन्ही जागांवर घ्या, कारण प्लेट नळीच्या आधारापासून जितकी दूर तितकी पट्टी जास्त वाकते. जोर सोडल्यावर काटा शून्यावर परत आला नाही, तर तिथे आणखी एक आडवी नळी द्या.