शेवट ठाऊक असूनही ऐतिहासिक कादंबरीतलं प्रेम का सुटत नाही?

खानापूरची_वाचक
'स्वामी' परत वाचायला घेतलीय (रणजित देसाई म्हणजे इथल्या जवळच्या कोवाडचेच). माधवराव पेशवे क्षयानं जाणार, रमाबाई सती जाणार, सगळं आधीच माहीत, तरी रात्री पुस्तक खाली ठेववत नाही. नणंद म्हणते इतिहास वाचायचा तर इतिहासच वाच, ही प्रेमाची पानं लेखकानं मनची घातलेली. असतील की मनची, पण मला ओढ त्याच पानांची, लढाया मी भराभर उलटते. तुम्हाला पण असंच होतं का?

निपाणीकर
लढाया उलटू नका ओ ताई, ओढ तिथूनच येते. 1761 ला पानिपत झालं, त्याच वर्षी नानासाहेब गेले आणि सोळाव्या वर्षी पोराच्या अंगावर पेशवाई पडली, वर कर्ज, घरात काकांचं राजकारण, एकीकडं निजाम एकीकडं म्हैसूरचा हैदर. 1764 ला हैदरवर स्वारी काढली ती आपल्याच बाजूला, धारवाड, सावनूर, रट्टीहळ्ळी, म्हणजे महिनोन्‌महिने छावणीत. 1772 ला थेऊरला वारले तेव्हा वय 27. ह्यात संसार कधी केला असेल सांगा बघू? हा हिशोब डोक्यात असला की वाड्यातल्या दोन मिनिटांच्या भेटीला वजन येतं. नुसतं प्रेम-प्रेम असतं तर मी वाचलो नसतो.

शहापूर_पेठ
पेशव्यांच्या जुन्या कागदपत्रांत, म्हणजे दप्तरात, स्वाऱ्या, खर्च, कुणाचं किती देणं सगळं सापडतं, पण दोघं एकमेकांशी काय बोलले ते कोण लिहून ठेवणार? तेवढी जागा रिकामी आणि कादंबरीकार तिथंच शिरतो. त्यात भरलेला वाडा, सासूबाई, आश्रित, चारचौघांत नवऱ्याशी बोलायची सोय नाही, त्यामुळं नुसता विडा पुढं केला तरी प्रसंग उभा राहतो. आजच्या गोष्टीत फोन लावला की अडचण संपते, तिथं निरोप पोचायलाच दिवस जायचे. नणंदेला सांगा, मनचं असलं तरी काळाला धरून असलं की पटतं. बाईच्या तोंडी सिरीयलचे डायलॉग आले की मात्र मी पुस्तक मिटतो.

अनगोळची_सून
सगळं खरं, पण मला एक सलतं. थेऊरला रमाबाईंचं वृंदावन बघितलं तेव्हा रडू आलं आणि रागही आला. सती म्हणजे प्रेमाचा मोठा शेवट असं आपण वाचतो, तिला जगायचं होतं का हे कुणी विचारलं? आणि आपल्याच जिल्ह्यात कित्तूरची चन्नम्मा बघा. नवरा मल्लसर्ज 1816 ला गेला, ती मागं राहून राज्य सांभाळली, 1824 ला इंग्रजांशी लढली, त्या लढाईत धारवाडचा कलेक्टर ठॅकरे पडला, आणि शेवटी 1829 ला बैलहोंगलच्या कैदेतच वारली. नवरा गेल्यावर इतकी वर्षं त्याची आठवण काढत ती कशी जगली असेल, ही प्रेमकथा नव्हे का? मला अशी कादंबरी पाहिजे, मराठीत, चांगली जाडजूड.

खानापूरची_वाचक
अगं खरंच, हे डोक्यातच आलं नव्हतं. चन्नम्मा म्हटलं की आपल्याला घोड्यावरचा पुतळाच दिसतो, मल्लसर्जाची बायको म्हणून कधी बघितलंच नाही. कन्नडमध्ये तिच्यावर अशी कादंबरी कुणी वाचली असेल तर नाव टाका, मी कन्नड वाचते, अडलं तर पोरीला विचारीन, ती कन्नड मीडियमला आहे. आणि निपाणीकर, लढाया आता नीट वाचते, रट्टीहळ्ळीपासून सुरू करते.