टायरला बाजूने चीर: गेटर लावू की नवा घेऊ?

प्रश्न: सायकलचा २६ × १.९५ चा टायर, मागचं चाक. रिमपासून बोटभर वर, बाजूच्या भिंतीला साधारण ८ मिमी चीर आहे. हवा भरली की तिथे फुगा येतो. नक्षी अजून चांगली आहे. आतून गेटर (चिरेवर टायरच्या आत ठेवायचा जाड तुकडा) लावून चालेल का?

चाकधारी: नवा घ्या. हवेचा दाब रबर नाही, आतले दोरे पेलतात. फुगा आला म्हणजे दोरे तुटलेत. बाजूची भिंत प्रत्येक फेरीत वाकते, त्यामुळे तिथला गेटर सरकतो, ट्यूब घासते आणि फुटते. हीच चीर जमिनीला टेकणाऱ्या भागात ४-५ मिमीची असती, तर गेटर लावून टायर वापरता आला असता.

स्पोक३६: सहमत. दुकानापर्यंत जाण्यापुरता जुन्या टायरचा ५ × ३ सेंमी तुकडा कापा, कडा घासून पातळ करा आणि ट्यूब व टायरच्या मध्ये ठेवा. हवा ३० पीएसआयच्या आसपास. नुसता ट्यूबवर पॅच मारून काही होत नाही, हे पंक्चरवालेही सांगत नाहीत!

घेताना टायरवरचा ५०-५५९ हा आकडा (रुंदी आणि रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास, मिमीमध्ये) जुळवा. २६ × १ ३/८ लिहिलेला टायर ५९० चा असतो, तुमच्या रिमवर बसणार नाही.

चाकधारी: आणि चीर चाकाच्या गोलाईने लांब असेल, तर ब्रेकचं रबर टायरला घासतंय का बघा. ते खाली, रिमवर आणल्याशिवाय नवा टायर चढवू नका.