प्लेटमधून मिलिंग केलेला लिव्हर सारखा तुटतोय, डाय फोर्जिंगने फरक पडेल का?

लेथवाला:
काटकोनी लिव्हर आहे. मधे बॉस (भोकाभोवतीचा जाड गोल भाग), दोन हात, टोकांना पिनची भोकं. ईएन १९ या मिश्र पोलादाच्या जाड प्लेटमधून मिलिंग करून हार्डन-टेम्पर करतो (तापवून कडक, मग थोडं चिवट). लोड फारसा नाही, पण दिवसभर पुढे-मागे. दर वेळी आतल्या कोपऱ्यातच तुटतो, तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेषा. सप्लायर म्हणतो, डाय फोर्जिंग करा, म्हणजे तापलेलं पोलाद डायमध्ये (पोलादी साच्यात) दाबून घडवा. मटेरियल तेच, हार्डनेस तोच, मग जास्तीची ताकद येणार कुठून?

भट्टीकाठी:
त्या रेषा म्हणजे फटीग, पुन्हापुन्हा येणाऱ्या लोडने आलेला थकवा. एका झटक्यात तुटलेलं नाही, क्रॅक हळूहळू सरकलीय.

"मटेरियल तेच" हे केमिस्ट्रीपुरतं. प्लेट रोल होताना पोलादातले सल्फाइडचे कण लांबट होऊन एका दिशेला ओढले जातात. तुमचा एक हात त्या दिशेत येतो, दुसरा बरोबर आडवा. हार्डनेस टेस्टरला हे कळत नाही, क्रॅकला कळतं. फोर्जिंगमध्ये बिलेट (मापात कापलेला पोलादाचा तुकडा) ११५०-१२५० अंशांवर तापवून आधी वाकवतात, मग फिनिशर म्हणजे शेवटचा आकार देणाऱ्या डायमध्ये दाबतात. त्यामुळे या लांबट कणांच्या रेषा, म्हणजे तंतू, कोपऱ्यातून वळून जातात, कापले जात नाहीत.

खात्री करायचीय? दोन्ही प्रकारचे जॉब उभे कापा, ग्राइंड करा, निम्मं पाणी-निम्मं हायड्रोक्लोरिक ॲसिड ७० अंशांच्या आसपास ठेवून त्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवा. रेषा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. (ॲसिड पाण्यात ओतायचं, उलट नाही. आणि वाफ ओढून घेणारा पंखा हवाच.)

साचा_आणि_माती:
एसजी आयर्नमध्ये (चिवट ओतीव लोखंडात) ओतून बघा की. डायच्या खर्चात पॅटर्न (ओतकामाचा साचा बनवायचे नमुने) कितीतरी होतील.

भट्टीकाठी:
आत पोकळी किंवा तेलाची वाट असती तर मीही ओतकामच म्हटलं असतं, डायमध्ये ते होत नाही. पण इथे उलटसुलट लोड आहे आणि कोपऱ्यातच श्रिंकेज (थंड होताना आकसून पडणारी पोकळी) आलं तर? हा जॉब मी ओतणार नाही.

जाता जाता फ्लॅशबद्दल. लोक त्याला वाया गेलेलं मटेरियल समजतात. डायच्या कडेने बाहेर येणारी ती पातळ पट्टी लवकर थंड होते, मग मटेरियलला बाहेर पळायला जड जातं, आत दाब चढतो आणि बॉसचे कोपरे भरतात. बिलेट वजनाला काटोकाट कापून फ्लॅश वाचवू म्हणणाऱ्यांचे जॉब अर्धवट भरून येतात.

लेथवाला:
पटलं. पण वर्षाला दीड-दोनशेच नग लागतात.

भट्टीकाठी:
मग थांबा. एवढ्या नगांवर डायचा खर्च सहज निघत नाही. आधी कोपऱ्याचा रेडियस वाढवा आणि तिथल्या कटरच्या आडव्या खुणा घासून काढा. बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं.

तरीही तुटला तर फोर्जिंग. ड्रॉइंगमध्ये ५-७ अंश ड्राफ्ट (जॉब डायमधून सुटावा म्हणून बाजूंना उतार) धरा. भट्टीत कार्बन गेलेली कातडी कोपऱ्यावर ठेवू नका, तिथे मशीनिंग अलाउन्स (नंतर कापून काढायला जास्तीचं मटेरियल) द्या. तुमच्या आकारात पार्टिंग लाइन (डायचे दोन भाग जुळतात ती रेषा) आतल्या कोपऱ्यावरूनच जाणार, तंतू तिथे बाहेर पडतात. म्हणून ट्रिमिंगची (फ्लॅश कापल्याची) खूण हाताच्या लांबीच्या दिशेने ग्राइंड करायला सांगा. पहिल्या लॉटचं मॅग्नेटिक क्रॅक टेस्टिंग मागा. बिलेट वाकवताना घडी पडली असेल, तर ती नेमकी त्याच कोपऱ्यात असते.