उबुंटू 24.04 वर गेल्यापासून वायफाय गायब, मदत हवी आहे

मंडळी, जुना लॅपटॉप आहे, त्यावरची उबुंटू ही लिनक्स सिस्टीम 22.04 वरून 24.04 ला अपग्रेड केली आणि तेव्हापासून वायफायचं चिन्हच दिसेना, सेटिंगमध्ये गेलं तर म्हणतो अ‍ॅडॉप्टरच सापडला नाही. एलएसपीसीआय (जोडलेल्या हार्डवेअरची यादी दाखवणारी कमांड) मारलं की कार्ड मात्र व्यवस्थित दिसतंय, म्हणजे हार्डवेअर मेलेलं नसावं. गंमत म्हणजे ग्रब या बूट मेनूच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना 5.15 कर्नल (सिस्टीमचा गाभा) निवडला की सगळं झकास, 6.8 वर आलो की ठणठणाट! ड्रायव्हर कर्नलमधला नाही, डीकेएमएसवाला आहे (म्हणजे प्रत्येक कर्नलसाठी वेगळा बिल्ड होणारा), आणि स्टेटस बघितलं तर फक्त 5.15 साठीच इन्स्टॉल्ड दाखवतंय. कर्नलचे हेडर्स (बिल्डला लागणाऱ्या फाइल्स) टाकून परत बिल्ड करायला लावलं तर 'बॅड रिटर्न स्टेटस' म्हणून मध्येच बसतं. सिक्युअर बूट (सही नसलेलं मॉड्यूल चालू न देणारी सोय) चालू आहे, पण ड्रायव्हरचं मॉड्यूल तयारच होत नाही तर त्याचा काय संबंध?

मेक लॉगमधला (बिल्डच्या नोंदीतला) नेमका कुठला भाग इथे टाकू? की हा नाद सोडून तपकीर गल्लीतून (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार) वायफायचा यूएसबी डोंगल आणू? आणायचाच तर ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो तसा, एमटी7612यू चिपवाला, पुण्यात कुणाला मिळालाय का? दुकानात लिनक्स म्हटलं की 'सीडी आहे ना सोबत' एवढंच ऐकायला मिळतं. तोपर्यंत मोबाईल यूएसबीने जोडून नेट चालू आहे.