मैद्याची हवेची लाइन सारखी चोक होतेय, ब्लोअरचा स्पीड वाढवू का?

भोसरी_प्रॉडक्शन
नमस्कार मंडळी. आमचं भोसरी एमआयडीसीत टोस्ट-बिस्किटाचं युनिट आहे, मैदा तळमजल्यावर हॉपरमध्ये ओततो, खाली रोटरी एअरलॉक (फिरत्या कप्प्यांचा झडप, माल खाली सोडतो पण हवा वर जाऊ देत नाही) आहे आणि तिथून रूट्स ब्लोअरच्या (दाबाने हवा ढकलणाऱ्या यंत्राच्या) हवेने तीन इंची एसएस पाइपातून दुसऱ्या मजल्यावरच्या टाकीत जातो. उन्हाळ्यात व्यवस्थित चालू होतं पण पाऊस सुरू झाल्यापासून रोज चोक, सकाळच्या पहिल्या बॅचला तर हमखास, मग पोरं हातोडी घेऊन बेंड ठोकत बसतात. एअरलॉकपासून एक मीटरवर लगेच बेंड आहे, पुढे जिन्याच्या कडेने पाइप तिरका वर नेलाय. ब्लोअरच्या प्लेटवर तासाला 400 घनमीटर लिहिलंय, माल चालू असताना गेज 0.3 बार. सप्लायर म्हणतो व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर) स्पीड वाढवा, मालक म्हणतायत हे सगळं काढून बकेट एलिव्हेटरच (पट्ट्याला लावलेल्या डब्यांनी माल वर नेणारं यंत्र) लावू. काय करावं?

चिंचवड_मेंटेनन्स
दादा स्पीडला हात लावायच्या आधी हिशोब करा. तीन इंची पाइपात सेकंदाला 20 मीटर वेग हवा असेल तर तासाला साधारण 340 घनमीटर हवा लागते, आणि तुमच्या प्लेटवर 400 आहे म्हणून वाटतं की भरपूर आहे, पण ते 400 ब्लोअरच्या तोंडाशी, साध्या हवेचे. एअरलॉकखाली 0.3 बार प्रेशर आहे, तिथे तीच हवा दबून 300 च्या आसपास राहते, त्यातून एअरलॉकमधून वर हॉपरकडे जी निसटते ती वेगळी. म्हणजे जिथे माल उभा असतो आणि त्याला उचलायला सगळ्यात जास्त वेग पाहिजे नेमका तिथेच वेग सगळ्यात कमी, 15-16 सुद्धा मिळत नसेल. पुढे प्रेशर उतरत जातं तशी हवा फुगते आणि वेग आपोआप वाढतो, शेवटाला तो कमी पडतच नाही.

स्पीड वाढवला तर लाइनमधला प्रेशर ड्रॉप वेगाच्या वर्गाने चढतो, गेज वर जातं, एअरलॉकची गळती अजून वाढते, मोटरचे अँपिअर वाढतात. आणि पाइप तिरका अजिबात नको, तिरक्या पाइपात मैदा तळाला बसून मागे घसरत येतो. आडवा न्या मग सरळ उभा न्या. पहिल्या बेंडच्या आधी दोन-तीन मीटर तरी सरळ पाइप पाहिजे म्हणजे मालाला वेग घ्यायला जागा मिळते, लागोपाठ दोन बेंड टाकू नका. हातोडी तर आजच बंद करा, आत जे पोचे पडतात तिथेच पुढचा मैदा अडकतो.

पावडर_प्रोसेस_ताई
सकाळचं कारण मला दमटपणा वाटतंय. पावसाळ्यात आपल्याकडे हवा आधीच ओली असते, ब्लोअरमध्ये ती दाबली गेली की गरम होते, आणि मग थंड पाइपात गार झाली की आतून घाम सुटतो. रात्री लाइनमध्ये मैदा राहिला असेल तर त्याचा चिकट थर बसणारच, सकाळी त्यावर नवा माल येऊन चिकटतो. म्हणून बंद करताना आधी एअरलॉक थांबवायचा, ब्लोअर आणखी काही मिनिटं रिकामा चालू ठेवायचा आणि मगच बंद करायचा. चालू करताना उलटं, आधी हवा मग माल. ब्लोअरनंतर आफ्टरकूलर (गरम हवा गार करणारा) आणि पाण्याचा सापळा लावून घ्या. वरच्या टाकीचा बॅग फिल्टर पण बघा, ओल्या मैद्याने तो जाम झाला की हवेला बाहेर पडायला वाटच नाही, मग खाली कितीही डोकं फोडा.

बकेट एलिव्हेटरला वीज बरीच कमी लागते हे खरंच आहे, पण त्याच्या तळाला मैदा साचतो, वेळच्या वेळी साफ नाही केला तर पावसाळ्यात अळ्या-किडे होतात, खाण्याच्या मालाला मी तरी नको म्हणेन. व्हॅक्यूमवर, म्हणजे ढकलण्याऐवजी वरून ओढून घेण्यावर, जाता येतं, त्यात गळती आत होते म्हणून धूळ उडत नाही आणि तुमची टाकी एकच आहे त्यामुळे जमेल पण, फक्त पुणे साधारण 560 मीटर उंचीवर आहे, मुंबईच्या मानाने इथे हवेचा दाब थोडा कमी, ते धरून पंप निवडायला सांगा.

आकुर्डी_सेफ्टी
एक विचारायचंय, प्रवाह दिसावा म्हणून मध्ये कुठे पारदर्शक प्लास्टिकचा पाइप टाकलाय का? असेल तर काढा. हवेने पळणाऱ्या मैद्यामुळे स्टॅटिक तयार होतं आणि प्लास्टिकवरून ते जमिनीत जात नाही. प्रत्येक फ्लँजवर (पाइपाच्या जोडावर) तांब्याची पट्टी आणि सगळ्या लाइनला अर्थिंग पाहिजेच. 2008 मध्ये अमेरिकेत जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थला साखर कारखान्यात साखरेच्या धुळीचा स्फोट झाला, 14 माणसं गेली, पहिल्या धक्क्याने इमारतीत साचलेली धूळ उडाली आणि ती पेटत गेली. मैदा पण तसाच पेटतो. चोक काढताना मैदा जमिनीवर, बीमवर सांडतो तो कॉम्प्रेसरच्या हवेने उडवून साफ करू नका, व्हॅक्यूम क्लीनरने ओढा आणि तो सुद्धा धुळीसाठी बनवलेला पाहिजे.

भोसरी_प्रॉडक्शन
सगळ्यांचे मनापासून आभार. हो, एक फूटभर प्लास्टिकचा तुकडा आहे, आजच काढायला सांगितलाय. आणि आज हॉपरचं झाकण उघडून बघितलं तर एअरलॉक फिरताना खालून हवा येते आणि मैदा वर उकळल्यासारखा उडतो. हीच ती गळती ना?

चिंचवड_मेंटेनन्स
हीच. हवा वर आली की मैदा एअरलॉकच्या कप्प्यात पडतच नाही, मग फीड कमी-जास्त होतं आणि मध्येच एकदम गोळा पडतो, तो लाइनला झेपत नाही. रोटर आणि बॉडीमधली फट नव्यात 0.1-0.2 मिलिमीटर असते, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा, झिजला असेल तर रोटर बदला आणि निसटणारी हवा बाहेर न्यायला एअरलॉकला वेगळा व्हेंट काढून त्यावर छोटा फिल्टर लावा. माझ्या मते आधी हे, मग पाइपाचा रूट, ब्लोअरचं नंतर बघू. तोवर रिकाम्या लाइनचं गेज किती आणि माल चालू असताना किती हे दोन्ही रोज सकाळी लिहून ठेवा, इथे टाका, त्यावरून फिल्टर जाम आहे की लाइन ते कळेल.