विषय: हॉलसमोरचा रस्ता बंद – हरकतीला २१ दिवस आहेत, सहा महिने नव्हेत

प्रेषक: ज्येष्ठ गट (सहलीची बस)

नमस्कार मंडळी,
दिव्याच्या खांबावर कौन्सिलची (इथल्या पालिकेची) नोटीस लागली आहे. हाय रोडवरून वळलं की हॉलच्या फाटकाच्या अलीकडेच तीन बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे खांब. बस कुठून आणायची? सह्यांचं पत्र आजच पाठवू या. मजकूर तयार आहे: ‘सर्वांची गैरसोय होते, पार्किंगला त्रास होतो, सबब रस्ता बंद करू नये.’ ज्यांची सही घालायची त्यांनी नुसतं ‘हो’ कळवा.

---

प्रेषक: सचिव

काका, मंडळाच्या लेटरहेडवर समितीच्या ठरावाशिवाय काहीही जाऊ नये, हे मागच्या वेळीच ठरलंय. आणि एवढी घाई कशाला? हल्ली असे रस्ते आधी प्रायोगिक म्हणून बंद करतात आणि सहा महिने हरकती घेतात. वार्षिक सभेत विषय घेऊ.

---

प्रेषक: रस्त्यांच्या कामातला

सचिवसाहेब, नोटिशीची पहिली ओळ पुन्हा वाचा. १९८४च्या रोड ट्रॅफिक रेग्युलेशन ॲक्टचं कलम ६ लिहिलंय. लंडनमध्ये वाहतूकबंदीची कायमस्वरूपी ऑर्डर त्याच कलमाखाली निघते. प्रायोगिक असती तर कलम ९ दिसलं असतं. ती जास्तीत जास्त १८ महिने चालते आणि तिच्यावर हरकत ती लागू झाल्यापासून सहा महिन्यांत घेता येते. कलम ६ला नोटिशीपासून २१ दिवस, तेही लेखी आणि कारणासह. वार्षिक सभेपर्यंत बोलार्डचं काँक्रीट वाळलेलं असेल.

काका, मजकुराबद्दल. ‘गैरसोय होते’ला कौन्सिलकडे उत्तर तयार असतं: सुरक्षितता महत्त्वाची. एकाच मजकुराच्या पन्नास सह्या बहुतेक वेळा अहवालात एका ओळीत मावतात. नोटिशीबरोबर तीन कागद पाहायला ठेवलेले असतात: ऑर्डरचा मसुदा, नकाशा आणि स्टेटमेंट ऑफ रीझन्स (बंदीची कारणं). तिसरा आधी वाचा. त्यात दोन कारणं आहेत, हाय रोडचा सिग्नल चुकवणारी वाहतूक आणि शाळेसमोरचे अपघात. आपली हरकत या दोन कारणांना हात न लावता उभी राहिली पाहिजे. मुद्दा बोलार्ड असावेत की नसावेत हा नाही, ते कुठे असावेत हा आहे.

नकाशाप्रमाणे बोलार्ड हाय रोड आणि आपलं फाटक यांच्या मध्ये येतात. मग हॉलला यायचं ते शाळेच्या टोकाकडून. तिथे ६ फूट ६ इंचांचा रुंदीचा अडथळा आधीच आहे, म्हणजे १.९८ मीटर. बस २.५५ मीटर रुंद. फायर इंजिन आणि कचऱ्याची गाडी अडीच मीटरच्या आसपास. या दोन अडथळ्यांच्या मधला पट्टा मोठ्या गाड्यांना दोन्ही बाजूंनी बंद होतो, आणि आपला हॉल नेमका त्याच पट्ट्यात. आपली बस येणार नाही हा आपला प्रश्न. कौन्सिलची स्वतःची कचऱ्याची गाडी येणार नाही हा त्यांचा. हरकतीत हा दुसरा प्रश्न पहिल्या परिच्छेदात घ्या.

---

प्रेषक: गणेशोत्सव सामान

ट्रान्झिट व्हॅनसुद्धा जाणार नाही! आरसे सोडून मोजली तरी बॉडी २.०६ मीटर. आणि आम्ही लुटन (मोठ्या खोक्याची व्हॅन) घेतो ती टेललिफ्टसाठी, म्हणजे सामान उतरवायच्या मागच्या लिफ्टसाठी. साउंडचे पेटारे आणि मखराच्या लोखंडी चौकटी हातानं उतरवायला माणसं कोण देणार? मागच्या वर्षी ‘येतो येतो’ म्हणणारे कोण कोण होते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

---

प्रेषक: शाळेसमोर राहणारी

तुम्हा सगळ्यांना हॉल दिसतो. मला रोज सकाळी फुटपाथवर चढणाऱ्या गाड्या दिसतात. रस्ता बंद व्हावा असं माझं स्पष्ट मत आहे. मंडळानं ‘रस्ता बंद नको’ असं लिहिलं तर त्यात माझं नाव घालू नये. शनिवारी मराठी शाळा सुटताना गाडी थांबवायला मनाई असलेल्या झिगझॅग पिवळ्या पट्ट्यांवर कोणाच्या गाड्या उभ्या असतात तेही जरा पाहा.

---

प्रेषक: ज्येष्ठ गट (सहलीची बस)

ताई, झिगझॅगचा विषय वेगळा. बोलार्ड नको, नंबर टिपून दंड करणारा कॅमेरा लावा म्हणू या. आमच्यातल्या निम्म्यांकडे ब्लू बॅज (अपंगांचा बॅज) आहे, त्यांना सूट मिळेलच.

---

प्रेषक: रस्त्यांच्या कामातला

मिळेलच असं नाही. ब्लू बॅज पार्किंगसाठी असतो. कॅमेऱ्यानं बंद केलेल्या जागेतून जायची सूट ऑर्डरमध्ये लिहिली असेल तरच मिळते. काही कौन्सिल ती नोंदवलेल्या एकाच गाडीला देतात, काही देतच नाहीत. शिवाय लंडनमध्ये दंड आता १६० पौंड, १४ दिवसांत भरला तर ८०. केटररची व्हॅन, पाहुण्यांच्या टॅक्सी, सगळ्यांना पत्रं येतील आणि ती शेवटी आपल्या खजिनदारांच्या टेबलावर. ॲम्ब्युलन्सला मात्र कॅमेरा बरा. लंडन ॲम्ब्युलन्स सर्व्हिसनं २०२० मध्ये पक्क्या अडथळ्यांपेक्षा कॅमेऱ्याला पसंती दिली होती. कुलपाच्या बोलार्डची किल्ली फायर ब्रिगेडकडे असते, ॲम्ब्युलन्सकडे असेलच असं नाही. नकाशावरचे तीन बोलार्ड कुलपाचे की पक्के, हे लेखी विचारा.

ताईंचं म्हणणं रास्त आहे, म्हणून मागणी अशी करा: बोलार्ड फाटकाच्या पलीकडे, समोरच्या बोळाच्या तोंडाच्याही पुढे सरकवा. सिग्नल चुकवणाऱ्यांना रस्ता बंदच राहतो, शाळेसमोर काही बदलत नाही, आणि हॉलला हाय रोडवरून येता येतं. यात एक पेच आहे. बंद टोकाच्या रस्त्यावर फायर इंजिनला २० मीटरपेक्षा जास्त रिव्हर्स यावं लागू नये, असं बिल्डिंग रेग्युलेशन्सचं मार्गदर्शन सांगतं. वळायला जागा म्हणजे बोळाचं तोंड. ते मोकळं राहायचं तर दोन्ही बाजूंना सुमारे १० मीटर डबल यलो (पार्किंगबंदीची दुहेरी पिवळी रेघ) हवी. अंदाजे चार गाड्यांची जागा जाईल. हे आपणच आधी लिहिलं तर प्रस्ताव गंभीर वाटतो, नाहीतर इंजिनियर याच मुद्द्यावर तो फेटाळतील. बारा मीटरची बस तिथे वळणार नाही, ती हाय रोडवरच थांबवावी लागेल.

---

प्रेषक: ज्येष्ठ गट (सहलीची बस)

म्हणजे चार पार्किंगही गेली आणि बसही हाय रोडवर?

---

प्रेषक: हॉल समिती

गाड्या वळवायला आमचं अंगण वापरा असं कोणी सुचवण्याआधीच सांगते. ती खाजगी जागा आहे, फाटक बुकिंगच्या वेळेतच उघडतं, आणि कौन्सिलला तसं लिहून दिलं की पुढे मागे घेता येत नाही. हरकतीत अंगणाचा उल्लेखही नको.

---

प्रेषक: रस्त्यांच्या कामातला

सहमत, अंगण नकोच.

काका, चार पार्किंग गेली तरी व्हॅन, टॅक्सी आणि व्हीलचेअरवाले फाटकाशी उतरतात. बससाठी हाय रोडवर माणसं उतरवण्याइतपत थांबा मिळतो का ते वेगळं विचारू, या पत्रात घुसवू नका. चालू न शकणाऱ्यांचा मुद्दा मात्र घाला: २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टच्या कलम १४९ खाली कौन्सिलनं अशा लोकांवरचा परिणाम तपासला का, आणि तपासला असेल तर तो कागद कुठे आहे?

तपशील लिहून काय होतं असं कोणाला वाटत असेल तर वेस्ट डलिचचं प्रकरण बघा. रहिवाशांनी दिलेलं ५३ पानांचं सादरीकरण लॅम्बेथ कौन्सिलनं विचारातच घेतलं नाही, म्हणून २०२५ मध्ये हायकोर्टानं तिथल्या वाहतूकबंदीचा निर्णय बेकायदा ठरवला. कोर्टात जायची मुदत ऑर्डर निघाल्यापासून सहा आठवडेच असते आणि खर्च आपल्या आवाक्याबाहेरचा आहे. म्हणून सगळं आत्ताच कागदावर आणा. पत्र मंडळाचं एक, आणि वैयक्तिक ज्याचं त्यानं आपल्या शब्दांत. ताईंनी पाठिंब्याचं पत्र खुशाल पाठवावं, त्यातही ‘बोलार्ड पलीकडे सरकवा’ एवढं लिहिलं तर आपल्याला मदतच होईल.

---

प्रेषक: शाळेसमोर राहणारी

लिहीन. झिगझॅगचंही लिहीन.

---

प्रेषक: सचिव

ठीक. ठरावाचा मसुदा समितीला आज रात्री पाठवतो. फाटकापासून बोळाचं तोंड आणि तिथून हाय रोड, ही दोन अंतरं मोजलेली हवीत. ‘अंदाजे’ नको. शनिवारी मराठी शाळा सुरू होण्याआधी टेप घेऊन कोण येतंय?

---

प्रेषक: गणेशोत्सव सामान

मी येतो, ३० मीटरची टेप मांडवाच्या पेटीत आहे. पेटी हॉलच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली हॉल समितीकडे.

---

प्रेषक: हॉल समिती

किल्ली साडेनऊला मिळेल. सही करून न्यावी.